वखारीतली बाळंतीण

— नाही भाऊ, ती फणी ठेवा खाली. ती उद्याची. आज खाल तर तोंड तुरट होईल, आणि मग गावी जाऊन सांगाल की धुळ्याची केळी खाण्यालायक नाहीत. बोदवडच म्हणालात ना गाव? मग आधी मला एक सांगा, बोदवडचा माणूस धुळ्याला येऊन डझनभर केळी कशाला घेतो? केळी तर तुमच्याच जिल्ह्यातनं आमच्याकडं येतात! रावेरची, यावलची — हिरवेगार घड ट्रकनं येतात, वखारीत पिकतात, मग विकली जातात. आणि तुम्ही उलटे एस.टी.त बसून इकडं आलात, डझनभर केळी न्यायला! बरं, असेल तुमची आवड. बसा. त्या पोत्यावर बसा, स्वच्छ आहे. आणि घर कोणाचं विचारलंत? बेबाबाईचं? हां, वखारवाली बेबाबाई. ओळखते की. चांगली बाई. म्हणजे तोंडाळ आहे, पण मनानं साफ. नवरा वारला तेव्हा जो तो म्हणाला, वखार विकून टाक, घड उचलायचे, हमालांशी भांडायचं, हे काय बाईमाणसाचं काम आहे? तिनं कोणाचं ऐकलं नाही. आज पाचकंदिलाच्या बाजारात कोणालाही विचारा, बेबाबाईच्या केळीला नाव ठेवणारा माणूस भेटायचा नाही. वर बहिणीची मुलगी सांभाळली, आई नसलेली, तिला कॉलेजात घातली. तिला बघायला तुमच्याच गावचे लोक आले होते दिवाळीआधी, चहा प्याले, पोहे खाल्ले, 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच — मी कुंदाला म्हणलं पण, अगं —

— हसताय काय? बरं, निसटलं. मीच बेबाबाई. जयभीम. मघाशी तुम्ही जयभीम घातला तेव्हाच मी म्हणलं, हे पाव्हणे बोदवडचे, घर विचारताहेत बेबाबाईचं, आणि केळीचं निमित्त करून वखारीत शिरलेत. मुलाचे कोण तुम्ही? मामा? आधारभाऊ! हो हो, मुलाची आई म्हणाली होती, माझा भाऊ आधार, त्याला शेतातनं सवड झाली नाही म्हणून. आता झाली वाटतं सवड. गुपचूप बघून यावं म्हणून पाठवलं असेल. नाही नाही, मान नका हलवू. थांबा, माझं होऊ द्या, मग तुम्ही बोला. मी आंधळी आहे का? दारातनं आत आल्यापासून तुम्ही नाक वर करून हुंगताय. इकडं हुंगता, तिकडं हुंगता, आतल्या दाराकडं बघता, परत हुंगता. ओव्याचा वास येतोय ना? आणि त्याच्यामागं दुसरा एक, गवतासारखा गोड? आला ना? मग आता मनात जे आहे ते मीच बोलते, म्हणजे तुम्हाला लाजायला नको. ओव्याची वाफ, अंगाला चोळायच्या रोशा गवताच्या तेलाचा वास, बंद खोली, कापसाचे बोळे. अशा घरात कोण असतं? बाळंतीण असते. खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि बेबाबाई तर विधवा, पन्नाशी उलटलेली. मग बाळंतीण कोण? घरात दुसरं आहे कोण? कुंदा. बिनलग्नाची. झालं! हेच ऐकलंत ना तुम्ही बोदवडला? हेच हुंगायला आलात ना?

मला बोलू द्या म्हणते ना! एकदा सुरुवात केली की मी मधे थांबत नाही, माझा नवरा म्हणायचा, हिला मधे थांबवलं तर ही परत पहिल्यापासून सुरू करते. तर ऐका. घडाच्या आम्ही फण्या करतो, कोयत्यानं कापून. कापलं की दांड्याला जखम. त्या जखमेवर बुरशी बसते, पांढरी, मऊ, लोकरीसारखी, मग दांडा काळा पडतो, आणि काळं वर सरकत केळ्याच्या मानेपर्यंत जातं. वरनं केळं सोन्यासारखं दिसतं हो! गिऱ्हाईक फणी उचलतं, आणि दांडा हातात राहतो, केळी खाली, पायावर. गेल्या पावसाळ्यात अर्धी वखार मी गाईबैलांना घातली. गल्लीतल्या गाई मला बघून हंबरायला लागल्या होत्या. रडले मी एकदा, खरंच रडले, इथंच, तुम्ही बसलात त्या पोत्यावर. तर कुंदा म्हणते, मावशी, आमच्या कॉलेजात मॅडम काचेच्या बशीत बुरशी वाढवतात. मी म्हणलं, वाढवायला कशाला पाहिजे, माझ्याकडं फुकट आहे, घेऊन जा पोतंभर! ती म्हणते, ऐक तर, बशीत बुरशी पेरली आणि मधोमध ओव्याच्या तेलाचा एक थेंब ठेवला, तर थेंबाभोवती बुरशी आलीच नाही. सगळ्या बशीत रान माजलं आणि मधे झाडलेलं अंगण. रोशाच्या तेलाचंही तसंच, जरा कमी. मॅडम म्हणाल्या, फळांवर करून बघायला पाहिजे. आणि आमची कुंदा घरी येऊन म्हणते, फळं तर आपल्याकडंच आहेत.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई सगळं का सांगतेय? नाही सांगणार. कशात किती घालायचं ते मी कोणाला सांगत नाही, इथं पलीकडं दोन वखारवाले आहेत, भिंतीला कान लावून बसलेले. एवढंच सांगते की ओवा आणि रोशा. रोशाचं तेल एक दिवालीबाई आणते, साक्रीच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं गाव, पावसाळा सरला की गवत कापून नाल्याकाठी भट्टी लावतात, आणि साक्रीच्या बाजाराला तेलाच्या बाटल्या घेऊन येते, बाटलीला मक्याच्या बुरकुंडाचं, दाणे काढलेल्या कणसाचं, बूच. आणि ओव्याचं तेल कुंदा घरीच काढते. माझ्या कुकरमधे! शिट्टी काढली आणि तिथं रबरी नळी बसवली, नळीचं दुसरं टोक बाटलीत, बाटली गार पाण्याच्या बादलीत. वाफ येते, थंड होते, वर तेल तरंगतं. त्या दिवसापासून माझ्या डाळीला ओव्याचा वास, भाताला ओव्याचा वास, चहा केला त्याला ओव्याचा वास. पोटात वायू म्हणून राहिला नाही, एवढा फायदा झाला.

पहिल्या खेपेला फजिती झाली. तेल सरळ पाण्यात टाकलं आणि फण्या बुडवल्या. तेल बसलं वर तरंगत, सगळं त्या पहिल्या चार फण्यांनाच चिकटलं. साल भाजल्यासारखी झाली, तपकिरी ठिपके ठिपके. कुंदा तोंड पाडून बसली. मी म्हणलं, रडतेस काय, आण इकडं. दुकानात पुढं मांडल्या आणि सांगितलं, ही सातपुड्याची ठिपक्याची केळी, वर्षातनं एकदाच येतात. माय वं, हातोहात गेली! एक मास्तर तर अजून विचारतात, बेबाबाई, ठिपक्याची कधी येणार? मी म्हणते, पाऊस कसा होतो त्यावर आहे. — मग कुंदानं रिठ्याचं पाणी केलं. रिठ्याच्या पाण्यात तेल घालून घुसळलं की दुधासारखं होतं, सगळीकडं सारखं लागतं. थोडंसंच घालायचं, एका बादलीला झाकणभर, आणि नुसता कापलेला दांडा बुडवायचा, अख्खी फणी नाही, वर वखारीच्या कोपऱ्यांत तेलात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवायचे म्हणजे वाफेनं — बघा, सांगितलंच की मी! तुमचा चेहराच असा आहे, माणूस बोलत सुटतं. बाहेर कोणाला बोललात तर बघा.

आता बाळंतीण कुठनं आली ते ऐका. ओवा किलोनं लागायला लागला. पितांबर शेटकडं किराणा माझा, तो विचारतो, बेबाबाई, एवढा ओवा? कोणाचं बाळंतपण काढलंय? आता मला गंमत सुचली तर त्यात माझा काय दोष? मी म्हणलं, शेट, घरात बाळंच बाळं झालीत, वखार भरलीय नुसती, आणि सगळीच्या सगळी पिवळी! म्हणलं आणि हसत निघाले. मला वाटलं तोही हसला असेल. तो कसला हसतो! त्यानं एवढंच धरलं — बेबाबाईकडं बाळ झालंय आणि ते पिवळं आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, बेबाबाईच्या घरच्या बाळाला कावीळ! दुसऱ्या दिवशी समोरची धुरपदाबाई दारात. हातात डबा झाकलेला. आत न येता उंबऱ्यातनं हळूच विचारते, 'तुन्हा घर मा कोन बाळतीन शे व?' आणि नेमकी त्याच वेळेला कुंदा आतनं अंगणात आली. पौषातली थंडी, वखारीतलं गार पाणी, तिचा कान दुखत होता, म्हणून डोक्यावरनं कानांवरनं फडकं घट्ट बांधलेलं. ओव्याच्या वाफेनं डोळे लाल, चेहरा उतरलेला, परीक्षेचं जागरण, आणि हातात कापसाचे बोळे! धुरपदाबाईनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, डबा उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, 'जप व माय पोरीले.' आणि गेली. डब्यात डिंकाचे लाडू.

लाडवांचं काय केलं? खाल्ले! परत कसे करणार, मनापासून आणले होते बाईनं. खोबरं चांगलं पडलं होतं. कुंदा म्हणत होती, मावशी, जा, सांगून ये तिला काय आहे ते. मी म्हणलं, सांगते. सांगते सांगते म्हणत राहून गेलं. मग नशिराबादेची माझी चुलत नणंद भिकुबाई आली, कुठून ऐकलं देव जाणे, तिनं बारीकसं झबलं शिवून आणलं. कुंदानं ते झबलं खुंटीला टांगलंय, येताजाता मला दाखवते आणि हसते. पण हसू वरचं होतं हो तिचं. मला कळतं. दिवाळी गेली, नाताळ गेला, तुमच्याकडनं निरोप नाही. 

तुमचा भाचा आला होता ना बघायला, रेल्वेत मालाच्या हापिसात आहे तो — बघायला आलेली मुलं काय विचारतात? स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. यानं काय विचारलं? पोह्यांबरोबर केळं ठेवलं होतं, ते उचललं, दांडा बघितला आणि म्हणाला, हा काळा कसा नाही? आमच्याकडनं मालगाडीच्या वाघिणी भरून केळी दिल्लीला जातात, तिथं पोचेपर्यंत दांडे सडलेले, रोज तक्रारी. आणि कुंदा, जी मान वर करत नव्हती, ती बोलायला लागली. बोलली बोलली, तो ऐकत बसला, चहा गार झाला दोघांचा. तुमची बहीण माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं बघते. त्या दिवसापासून कुंदाच्या खाटेखाली गवतात गुंडाळलेली कच्ची फणी असते. विचारा काय ते. म्हणते, मावशी, ही दिल्लीला निघालीय. म्हणजे वाघिणीत जेवढे दिवस लागतात तेवढे ती तशीच ठेवायची आणि दांडा सडतो का बघायचं. मी रोज झाडताना विचारते, आज कुठं पोचली तुझी गाडी? ती म्हणते, इटारसी. दुसऱ्या दिवशी, झाशी. एकदा म्हणलं, अगं उंदरानं कुरतडलीय, दरोडा पडला तुझ्या गाडीवर. लगेच दुसरी फणी निघाली दिल्लीला. आता एवढं कोण करतं भाऊ, ज्याच्याशी लग्न करायचं नाही त्याच्या वाघिणींसाठी?

मग मी का गप्प राहिले? विचाराल तुम्ही, विचाराच. एक डांगोरा पिटला असता की बाळंतीण नाही, केळी आहेत, तर एका दिवसात मिटलं असतं. पण मग सगळ्या बाजाराला कळलं असतं ना, ओव्यात काय आहे ते! पलीकडचे दोघे दुसऱ्या दिवशी कुकर घेऊन बसले असते. म्हणून. धंद्यासाठी. बाकी काही नाही. आणि म्हणलं, होऊ दे थोडा बोभाटा, बोदवडला कळलं तर कळलं, नाही आले तर नाही आले, कुंदा तरी राहील अजून एक वर्ष, बी.एस्सी. होईल, घरात बोलायला —

काही नाही. काही म्हणाले नाही मी.

अहो, नका ना असं बघू. वखार माझी एकटीची होती तेव्हा मी भिंतींशी बोलायचे. ती पोर आल्यापासून घरात उत्तर मिळायला लागलं. ती गेली की मी कोणाला विचारू, गाडी कुठं पोचली? मला नकोच होतं तिनं जायला. हे खरं. पण म्हणून काय तिच्या नावावर — माझी पोर स्वच्छ आहे, आधारभाऊ. धुतल्या तांदळासारखी. चला, उठा, डोळ्यांनी बघा. या इकडं, डोकं सांभाळा, दार बुटकं आहे. ही खोली. हुंगा आता पोटभर! ही बघा माझी बाळं, ओळीनं निजलीत, सगळी पिवळी, एकालाही कावीळ नाही. हा कापूस. ही रोशाची बाटली. हा कुकर, आणि त्या खुंटीवर झबलं. बाळंतीण कोण असेल तर मीच, ही बातमी जन्माला घालणारी. घरी जाऊन तुमच्या बहिणीला जसंच्या तसं सांगा, आणि सोयरीक मोडायची तर माझी जीभ लांब आहे म्हणून मोडा, कुंदावर बोट ठेवून नको. झालं माझं. आता बोला. बोला की, मघापासून तोंड उघडताय आणि मिटताय.

काय?

ऐकलंच नव्हतं?

म्हणजे... बोदवडला कोणालाच... अगदी कोणालाच माहीत नव्हतं? मग निरोप का नाही पाठवला इतके दिवस? — आजी पडली. मुलाची आजी, म्हणजे तुमची आई. दिवाळीतच, ओट्यावरनं. अरेरे. म्हणून राहिलं होय. आणि आज तुम्ही तारीख धरायला... आणि केळी? रिकाम्या हातानं मुलीच्या घरी कसं जायचं म्हणून कोपऱ्यावरच्या वखारीत... माझ्याकडनंच घेऊन मलाच देणार होतात!

हसा. हसा पोटभर. माझीच जीभ, मीच बोदवडपर्यंत पोचवली ही बातमी, एस.टी.चं तिकीटसुद्धा न काढता. — पण मग हुंगत का होतात हो तुम्ही? ते तरी सांगा. नाक वर करकरून? — रोशाचं तेल? आईच्या गुडघ्यासाठी? लहानपणी घरात असायचं, वास ओळखीचा वाटला, विचारू का नको विचारू...

घ्या. ही अख्खी बाटली घ्या. कोमट करून लावा, वरनं एरंडाचं पान बांधा. आणि आजींना सांगा, लग्नापर्यंत उभं राहायचंय, बाबासाहेबांच्या फोटोला हार त्यांनीच घालायचा. कुंदा परीक्षा देईल आधी, एवढी एक अट माझी. ती तुम्हीच म्हणणार होतात? मग चांगलं झालं. मला बोलूच दिलं नसतंत तर बरं झालं असतं. आणि आधारभाऊ — ते लाडवांचं सांगितलंत तर चालेल. ठिपक्याच्या केळीचंही चालेल. पण ते मधलं... मी गप्प का राहिले ते... ते नका सांगू कोणाला. कुंदाला तर नकोच.

कुंदे! ए कुंदे! ये बाहेर, बोदवडहून मामा आलेत. अन् ती खाटेखालची फणी घेऊन ये. आज कुठं आहे गाडी? — पोचली दिल्लीला? दाखव. बघा भाऊ, दांडा बघा, कापला तसा पांढरा. हीच न्या घरी, ती डझनभर ठेवा इथं. मुलाच्या हातात द्या, म्हणावं, माल सुखरूप पोचला. — आणि तू गं, कधीपासून उभी होतीस दाराआड? सगळं ऐकलंस ना? मी जे बोलले ते... सगळं?

काय म्हणतेस? मोठ्यानं बोल.

कान बांधलेले होते म्हणे. काही ऐकू आलं नाही म्हणे.

बरं. — निघा भाऊ तुम्ही आता, जळगावची गाडी चुकेल. बाटली उभी धरा, मक्याचं बूच आहे, सांडेल. जयभीम.